एकशे तीस वर्षांचं स्थळ

"अंपायर?" विमलमावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे क्रिकेटमधला, बोट वर करतो तो?"

"अंपायर नाही हो मावशी, व्हॅम्पायर. रक्त पिणारा."

"अगं बाई! मग पिशाच म्हण की सरळ. उगीच मेलं इंग्रजी कशाला?"

बार्शीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मी ‘धुक्याचा दंश’ ही कादंबरी छातीशी धरून उभी होते. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि त्या कादंबरीचा नायक आर्यमन याच्या प्रेमात इतकी बुडाले होते की त्याला कुणी पिशाच म्हटलेलं मला सोसत नव्हतं.

शारदा महिला वाचक मंडळ ही आईची दर महिन्याची हौस. एकेका महिन्यात एकेकीच्या घरी जमायचं, एकीनं एका पुस्तकावर बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग खायचं. मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताई देशमाने या कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. त्यांच्यापुढे बोलताना भल्याभल्यांची वाक्यं अडखळायची. त्या महिन्यात पाळी आमच्या घरची होती आणि बोलणार होती माझी मोठी बहीण रेवती, कुठल्याशा जाडजूड चरित्रावर. पण आदल्या दिवशी आईनं जाहीर केलं की रेवतीचा घसा बसलाय. रेवतीचा घसा मला तरी चांगला वाटत होता. मी काही म्हणणार तोच आई म्हणाली, "अक्षे, तूच बोल. ते धुक्याचं पुस्तक रात्रंदिवस वाचत असतेस ना, त्याच्यावरच बोल."

ही तीच आई, जिनं आठवडाभर आधी ते पुस्तक बंबात घालायची धमकी दिली होती. पण मी कशाला कारण विचारतेय? सुलभाताईंच्या तोंडावर शंभर पानं चुंबनं आणि रक्त वाचून दाखवायची संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. रात्री बसून मी मुद्दे काढले: अमरत्व आणि प्रेम, धुकं हे प्रतीक, संयमाची परीक्षा. बारावीच्या निबंधात असतात तसे.

"आधी कथानक सांग," सुलभाताई म्हणाल्या. "प्रतीकं मागनं बघू."

मी सांगितलं. पाचगणीचं निवासी विद्यालय. तन्वी नावाची नवीन आलेली मुलगी. तिच्या वर्गात आर्यमन. गोरापान, गार हाताचा, कुणाशी न बोलणारा. सदा धुक्यात वावरणारा, कारण ऊन लागलं की त्याची कातडी भाजते. प्लेगच्या साथीत तो मरायला टेकला असताना एका रक्तपिपासू साहेबानं त्याला चावून अमर केलं. तेव्हापासून तो अठराच वर्षांचा दिसतो.

"खरं वय किती?" विमलमावशी.

"एकशे तीस."

"आणि शिकतो काय?"

"बारावी."

मावशींनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "एकशे तीस वर्षं? बारावीत?"

सतरंजीवर पहिला हशा पिकला. विमलमावशी बुरगुटे म्हणजे आमच्या समाजातल्या निम्म्या लग्नांच्या कर्त्या. बार्शीपासून लातूरपर्यंत कुठल्या घरात कोण उपवर आहे, कुणाचं शेत कुठल्या भावाच्या नावावर आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या कानावर तरुण मुलाचं वर्णन पडलं की त्या पुढचे प्रश्न आपोआप विचारायला लागायच्या, तसं हेही सुरू झालं.

"घरी कोण कोण?"

"कुणी नाही. सगळे वारले."

"बरंय, सासू नाही. स्वतःचं घर?"

"जंगलात बंगला आहे."

"कमाई?"

"मावशी, तो अमर आहे! त्याला कमाईची काय गरज?"

"का? अमर माणसाला लाइटबिल येत नाही?"

शहनाज बागवान जोरात हसली. बार्शीतच शिवाजीनगरला तिची रक्ततपासणीची लॅब होती. "अक्षता, मला एक सांग. हा रक्तगट बघून पितो का कसंही? आणि काविळीबिविळीचं काय? आम्ही एवढ्याशा बाटलीसाठी किती तपासण्या करतो माहितीय का?"

"तो माणसांचं रक्त पीत नाही," मी दात आवळून म्हटलं. "जंगलातल्या भेकरांचं पितो. तन्वीच्या रक्ताचा वास त्याला वेडा करतो, तरी तो स्वतःला आवरतो. हेच तर त्याचं प्रेम आहे!"

"म्हणजे तिला खात नाही, हा त्याचा मोठेपणा," शहनाज म्हणाली. "माझा नवरा पण मला खात नाही. मी त्याची कधी कादंबरी केली नाही."

आता बायका नुसत्या लोळायच्या बाकी होत्या. स्वयंपाकघराच्या दारात आई पदरानं हात पुसत उभी होती, तिचेही खांदे हलत होते. फक्त रेवतीताई खिडकीपाशी बसून शांत ऐकत होती. तिच्या मांडीवर मोबाईल होता आणि तो अधूनमधून थरथरत होता. वीरेशदाजींचे फोन.

त्यांच्याविषयी सांगायला हवं. वीरेश उंबरजे हे ताईचं ठरलेलं स्थळ. सोलापूरला टॉवेलचा कारखाना, उंचापुरा देखणा माणूस, आल्याबरोबर वाकून नमस्कार करणारा. स्थळ विमलमावशींनीच आणलेलं. सुपारी फुटली होती, साखरपुडा दिवाळीनंतर होता. अप्पा तर इतके खूश होते की भांड्यांच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला जावयाचं कौतुक ऐकवायचे. पहिल्या भेटीत दाजींनी मंडळातल्या प्रत्येक बाईला कारखान्यातला एकेक नॅपकिन दिला होता, गुलाबी फुलांचा. ताईला ते दिवसातनं कितीदा तरी फोन करायचे. ती घरी आहे म्हणाली की म्हणायचे, "आईंना दे जरा." आईशी दोन शब्द बोलायचे आणि ठेवायचे. मला वाटायचं, किती गोड! होणाऱ्या सासूचीसुद्धा विचारपूस करतात. ताई आधी एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवायची. उन्हाळ्यात क्लासवाल्यांनी मुलं कमी झाली म्हणून तिला थांबवलं, तेव्हापासून ती घरीच होती. दाजी दर शनिवारी गाडी घेऊन यायचे, तिला फिरवून आणायचे. त्या दिवशीही येणार होते.

"पुढं सांग," सुलभाताईंनी हसू आवरलं. "प्रेम आहे म्हणतेस. ते कुठल्या प्रसंगातून दिसतं?"

इथे मी सावरले. प्रसंग तर माझ्याकडे ढीगभर होते. "तो रोज रात्री तिच्या खोलीच्या खिडकीत येऊन बसतो. ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत राहतो. सकाळपर्यंत!"

"तिला माहितीय?"

"नाही ना! तेच तर!"

"अगं, मग त्याला चोर म्हणतात," विमलमावशी म्हणाल्या. "आमच्या आळीत असा एक धरला होता. चांगला बदडला."

"बरं, दुसरा प्रसंग," सुलभाताई.

"तिला मैत्रिणीबरोबर वाईला जायचं असतं. वाटेत घाटात दुसरे व्हॅम्पायर असतात. म्हणून तो आदल्या रात्री तिच्या स्कूटीचा प्लग काढून ठेवतो. तिला कळतच नाही गाडी का सुरू होत नाही ते. ती रडते, आणि तोच येऊन तिचे डोळे पुसतो."

यावर हसू जरा कमी आलं. एक-दोघी हसल्या, बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

सुलभाताई पुढे सरकून बसल्या. त्यांचा तो वर्गातला आवाज लागला. "अक्षता, मला मजकुरातून दाखव. या तन्वीला काय आवडतं?"

"आर्यमन."

"तो भेटायच्या आधी?"

मी पानं उलटली. सुरुवातीची पानं मी एकदाच वाचली होती, कारण त्यात आर्यमन नव्हता. "धावायला. ती शाळेच्या संघात होती. जिल्ह्यात दुसरी आली होती."

"आणि नंतर?"

"नंतर..." मी मधली पानं चाळली, शेवटची चाळली. "नंतर त्याला तिला दमलेलं बघवत नाही ना, म्हणून... नंतर लिहिलेलं नाही."

"किती पानं आहेत पुस्तकात?"

"तीनशेवर असतील."

"एवढ्या पानांत ती एकदाही धावली नाही?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. मी ओरडले, "तुम्हा सगळ्यांना प्रेम कळतच नाही! तुमची ठरवून लग्नं झालीत!"

मग विमलमावशी म्हणाल्या, "ते मात्र खरंय गं," आणि छप्पर उडेल एवढा हशा झाला. त्या हशातच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

ताई चटकन उठली. पण तिच्या आधी आई दारात पोचली. "या या वीरेशराव, आत या. बाहेर कशाला थांबता?"

"नको आई, बायकांत मी कुठं..."

"अहो, तुमचीच गरज आहे. एका बिचाऱ्या पुरुषाला या सगळ्यांनी मिळून घेरलंय आणि त्याची बाजू मांडायला कुणी नाही. बसा. शेंगापोळी केलीय आज."

दाजी हसत आत आले, सगळ्यांना हात जोडले. आईनं त्यांना खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली. माझा तर जीव भांड्यात पडला. दाजी आणि आर्यमन यांच्यात मला आधीपासूनच काहीतरी सारखं वाटत होतं: तीच उंची, तोच मंद आवाज. मी घाईघाईनं त्यांना सगळं सांगितलं. खिडकी, वाई, प्लग. "आणि दाजी, या म्हणतात तो चोर आहे!"

दाजींनी शेंगापोळीचा तुकडा तुपात बुडवला. "चोर कसा? तिची काळजी करतो तो. रात्री मुलगी एकटी झोपते, खिडकी उघडी. कुणी लक्ष ठेवायला नको?"

"पण तो तिला न सांगता लक्ष ठेवतो," सुलभाताई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का? बाई, मुली भोळ्या असतात. त्यांना जगाची कल्पना नसते. तिला वाईला जायचं होतं. कशाला? काय अडलं होतं वाईला? मैत्रिणींचं ऐकून निघालेली असणार. त्यानं प्लग काढला, प्रश्न मिटला. भांडण नाही, तंटा नाही."

"बघा!" मी टाळीच वाजवली.

बाकी कुणी वाजवली नाही. विमलमावशी चुळबुळल्या. "ते जाऊ द्या वीरेशराव, गोष्टच ती. चहा टाकू का म्हणावं..."

"टाकलाय चहा," आई म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीशेजारी तूप वाढायला उभी होती. तिचा आवाज अगदी साधा होता, भोळा म्हणावा असा. "मला त्याचं वाईट वाटतं हो वीरेशराव. एवढं सगळं करायचं तिच्यासाठी, आणि ते पण गुपचूप. तिला पत्ताही नाही. मग पुरुषाला त्याचं श्रेय कधी मिळायचं?"

दाजींच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान पसरलं. मांजराला कानामागे खाजवल्यावर दिसतं तसं.

"श्रेय नाही मिळत आई. आपण करत राहायचं. आता रेवतीचंच बघा." त्यांनी ताईकडे पाहून हसून मान हलवली. "ती तो क्लास. बारावीची घोडी पोरं, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत. तिला सांगून पटलं असतं? रडली असती, भांडली असती. मी सरळ क्लासवाल्या सरांना फोन केला. म्हटलं, आमच्याकडं लग्न आहे, आता तिला बोलवू नका, आणि तिला सांगा मुलं कमी झालीत. सर पण समजूतदार निघाले. झालं! आज महिने झाले, कटकट नाही. हिला आजपर्यंत माहीत नव्हतं." ते खुर्चीत मागे रेलले. "आता कळलं, तर थँक्यू म्हणेल की नाही बघा."

आईनं तुपाची वाटी खाली ठेवली.

ताई उभी होती ती तशीच. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. राग नव्हता त्यावर. फळ्यावरचं एखादं अवघड गणित सुटल्यावर ती जशी खडू खाली ठेवायची, तशी दिसत होती.

"तुम्ही केला होता फोन?" तिनं विचारलं.

"हो ना."

"मी तुमच्यासमोर रडले होते. तुळजापूरला जाताना, गाडीत. मला शिकवता येत नाही म्हणून काढलं असेल, असं म्हणाले होते."

"म्हणून तर तुला आइस्क्रीम घेऊन दिलं," दाजी म्हणाले. त्यांना अजून काही उमगलेलं नव्हतं. "अगं, मीच केलं. तुझ्यासाठीच."

माझ्या हातातलं पुस्तक शेवटच्या प्रकरणावर उघडं होतं. त्या पानावर मी लाल पेनानं बदाम काढला होता आणि त्यात एक वाक्य अधोरेखित केलं होतं. प्लगचं रहस्य तन्वीला कळतं तेव्हा आर्यमन धुक्यात उभा राहून म्हणतो: ‘मीच केलं. तुझ्यासाठीच.’ माझ्या शेजारच्या शहनाजनं ते पान पाहिलं. तिनं पुस्तक माझ्या हातातून हळूच घेतलं आणि सुलभाताईंकडे सरकवलं. सुलभाताईंनी वाचून ते विमलमावशींकडे दिलं. एखादं ताट फिरावं तसं ते पुस्तक सतरंजीभर फिरलं.

दाजींनी हसायचा प्रयत्न केला. "काय झालं? सगळ्या अशा काय बघताय?"

"काही नाही," ताई म्हणाली. "तुम्ही चहा घ्या आणि निघा."

"रेवती, आपल्याला बाहेर जायचंय. साडी बदल."

"मी येणार नाही. आज पण नाही आणि नंतर पण नाही."

"हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? या पुस्तकानं?" ते उठले. आवाज पहिल्यांदाच वर चढला. "आई, तुम्ही समजावा हिला. आम्ही एकटे बोलतो पाच मिनिटं. रेवती, चल बाहेर."

त्यांनी ताईचं मनगट धरलं. घट्ट नव्हे, पण धरलं. आणि सतरंजीवरच्या बायका उठायला लागल्या. गुडघ्यांवर हात टेकत, एकमेकींना धरत, कुणी दुखऱ्या पायाला नावं ठेवत, सगळ्या उठून उभ्या राहिल्या. दाजींनी ताईचा हात सोडला.

मग विमलमावशी पुढे झाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता मावशी दाजींची बाजू घेणार. स्थळ त्यांचं, शब्द त्यांचा, लातूरपर्यंतची अब्रू त्यांची. त्यांनी आपली पिशवी उचलली. खांद्यावर पदर ओढून घेतला.

"चला वीरेशराव."

"कुठं?"

"सोलापूरला. तुमच्या गाडीत जागा आहे ना? मला तुमच्या आईंना भेटायचंय. स्थळ मी आणलं होतं, मीच परत पोचवते. माझं काम मी अर्धवट सोडत नाही."

"मावशी, अहो, घरी काय सांगणार तुम्ही?"

"ते वाटेत ठरवू. वैराग गावापर्यंतच बराच वेळ आहे." पायरीवर त्या थांबल्या, पिशवीत हात घातला आणि गुलाबी फुलांचा नॅपकिन काढून त्यांच्या हातात दिला. "हे पण घ्या. धुतलेलाय."

मी खिडकीतून पाहिलं. त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांचं तोंड सुरू झालं होतं. गल्लीच्या टोकाला गाडी वळली तेव्हा त्यांचा एक हात वर उठलेला दिसला, तर्जनी उभी.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ताई खाली बसली आणि हमसून हमसून रडली. सुलभाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. शहनाजनं बाकीच्यांना चहा वाढला. मी कोपऱ्यात उभी होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आर्यमनवर मला राग येत नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. मला त्याच्यासाठीही रडू येत होतं.

संध्याकाळी अप्पा दुकानातून आले आणि घर डोक्यावर घेतलं. "पुस्तकावरनं लग्न मोडतात का कुठं? समाजात तोंड कसं दाखवू? दहा बायकांनी जमून एका चांगल्या पोराची..."

आईनं त्यांच्यापुढे ताट वाढलं. "विमलताई उद्या येतील. त्यांनाच विचारा."

विमलमावशी दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापूरच्या एसटीनं परत आल्या. अप्पांनी दारातच गाठलं. "मावशी, पुस्तकावरून सोन्यासारखं स्थळ मोडलंत?"

"पुस्तकावरून नाही मोडलं," मावशी पायातल्या चपला काढत म्हणाल्या. "त्याच्या तोंडावरून मोडलं. सगळ्यांसमोर, शेंगापोळी खात, स्वतःच्या तोंडानं बोललाय तो. मी कानानं ऐकलंय." मग पाटावर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "वैराग येईपर्यंत मी त्याला सगळं समजावून सांगितलं. एक अक्षर कळलं नाही त्याला. उलट मलाच म्हणतो, मावशी, तुम्ही भोळ्या आहात. पुढं मग मी झोपले."

विमलमावशींनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली गोष्ट अप्पांना नाकारता येईना. महिनाभर ते दुकानात जावयाचा विषय निघाला की तराजू पुसत बसायचे. ताईनं त्या क्लासवाल्यांकडे परत जायला नकार दिला आणि आमच्या माडीवर स्वतःचा क्लास काढला. पहिल्या वर्षी विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके, त्यातली एक शहनाजची पुतणी. आज तिच्या क्लासची पाटी बार्शीत कुणालाही विचारा. तिनं पुढे स्वतः बघून लग्न केलं. भाऊजी पाटबंधारे खात्यात आहेत आणि रात्रीचं जेवण झालं की बसल्या जागी घोरायला लागतात. खिडकीत बसून बायकोकडे रात्रभर बघणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही.

या सगळ्याला इतकी वर्षं झाली. मी स्वतःच आता कॉलेजात मराठी शिकवते. गेल्या पावसाळ्यात आईची दाढ फार दुखायला लागली म्हणून मी तिला माझ्याकडे पुण्याला आणलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे आमचा नंबर यायचा होता. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. समोर एक मुलगी मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन वाचत होती, मुखपृष्ठावर लाल ओठ आणि टोकदार दात.

आई गालावर हात धरून त्या पुस्तकाकडे बघत होती. "अजून निघतात का गं ही?"

"खूप निघतात."

"आपल्या त्या धुक्याच्यापेक्षा बरी असतात?"

मला हसू आलं. "तुला काय माहीत ते बरं होतं का वाईट? तू तर बंबात घालणार होतीस."

"घालणारच होते. म्हणून आधी चाळून बघितलं." आईनं दाढ जिभेनं चाचपली. "मग दुपारी बसून सगळं वाचलं. तू कॉलेजला गेलीस की."

मी तिच्याकडे वळले.

"क्लासवाल्या सरांची बायको मला देवळात भेटली होती," ती सावकाश म्हणाली. "तिनं सांगितलं, फोन तुमच्या जावयांनीच केला होता. मी तुझ्या अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, देवळातल्या गप्पा घरात आणू नकोस. काय करायचं ते सुचेना. आणि त्याच आठवड्यात तुझं ते पुस्तक वाचलं. तो प्लग काढतो, तिथं माझ्या हातातली भाजी तशीच राहिली."

"आणि ताईचा घसा?"

"घशाला काय झालं होतं तिच्या! तिला म्हटलं, या खेपेला अक्षीला बोलू दे."

"म्हणजे दाजींना आत बोलावणं, ते श्रेयाचं बोलणं... पण आई, ते बोलतील हे तुला कसं ठाऊक? त्यांनी तर लपवून ठेवलं होतं."

"तुझ्या पुस्तकातल्यानं पण लपवलंच होतं की. आणि शेवटी काय केलं? आपण होऊन सांगितलं, छाती फुगवून. अशी माणसं कायमचं लपवत नाहीत गं. कुणीतरी कौतुक करील म्हणून वाट बघत असतात. मी जरा कौतुक केलं."

"ताईला सरळ सांगायचंस ना."

"सांगितलं असतं, तर तिनं त्याला जाऊन विचारलं असतं. आणि त्यानं तिला समजावलं असतं. एकट्या मुलीला समजावणं फार सोपं असतं." तिनं गालावरचा हात काढला. "म्हणून म्हटलं, बायका जमवाव्यात."

मी मराठीत एम.ए. केलंय, कादंबरीवर प्रबंध लिहिलाय. आणि आईनं ती कादंबरी भाजी निवडता निवडता वाचली होती. आतून नर्सनं आईचं नाव पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला, पर्स माझ्या हातात दिली.

"आई, एक सांगून जा. तो आर्यमन तुला कसा वाटला?"

आई दारात थांबली. सुजलेल्या गालानं तिला नीट हसताही येत नव्हतं.

"देखणा होता गं," ती म्हणाली, "मेला." आणि दात काढून घ्यायला आत गेली.